सही अकरा मिनिटांत झाली होती : चिंताविकाराच्या औषधचाचणीतलं एक प्रकरण

डायरीत गोळी घेतल्याच्या अठ्ठावीस दिवसांच्या नोंदी होत्या आणि सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच दाबाने लिहिलेल्या. वेळेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘रात्री ९.००’. अठ्ठावीस दिवसांत माणसाला एकदाही नवाचे सव्वानऊ होत नाहीत, असं घडत नाही. फक्त एकोणिसाव्या दिवसापाशी आधी काहीतरी लिहून वर गिरवलं होतं. इतकं जोरात, की पान उलटलं तर मागे बोटाला उंचवटा लागत होता.

भेटीच्या आदल्या रात्री किंवा बाहेर बाकावर बसून डायरी एका दमात भरणं औषधचाचण्यांत नवं नाही. या कामात असलेल्या कुणालाही पान बघताच ते कळतं. आम्ही समजुतीने दोन शब्द सांगतो, नोंद करतो आणि पुढे जातो. त्या दिवशीही मी तेच केलं असतं. पण तेवढ्यात शेजारच्या खोलीतून मूल्यमापनाचा कागद आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या चाचणीत चिंतेची तीव्रता हॅमिल्टन मोजपट्टीने मोजत होते. मॅक्स हॅमिल्टन यांनी ती १९५९ साली मांडली. चौदा मुद्दे, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणून जास्तीत जास्त ५६. मनातली धास्ती, ताण, झोप, धडधड, श्वास, पोटाच्या तक्रारी अशा तेरा मुद्द्यांत मुख्यतः रुग्ण स्वतःबद्दल काय सांगतो ते महत्त्वाचं. चौदावा मुद्दा मात्र समोर बसलेला माणूस दिसतो कसा, याचा: चुळबुळ, हातांची थरथर, कपाळावरच्या आठ्या, मध्येच सोडलेले उसासे. या गृहस्थांचे गुण महिन्याभरात २१ वरून ११ वर आले होते. कुणीही खूश व्हावं असा आकडा. पण त्यातले ८ गुण तेरा मुद्द्यांचे मिळून होते आणि एकट्या चौदाव्या मुद्द्याला ३.

चाचणीत सहभागींची नावं कागदावर येत नाहीत, क्रमांक येतात. यांचा क्रमांक १७. इथे मी त्यांना तेवढंच म्हणेन. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

सतरा नंबरचं वय चाळिशीच्या आसपास, काम हिशेब तपासण्याचं. काळजी हा त्यांचा स्वभाव आहे असंच घरच्यांनी आणि त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं धरलेलं. फोन वाजला की कुणाचं काय झालं, छातीत जरा दुखलं की हृदयच, साहेबांनी बोलावलं की नोकरी गेली. सहा महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी आणि सोबत झोपमोड, आखडलेले स्नायू, थकवा, चिडचिड. सर्वसाधारण चिंताविकाराच्या निकषांत ते नीट बसत होते. पूर्वी एका डॉक्टरांनी ‘अगदीच असह्य झालं तर’ म्हणून अल्प्राझोलाम ही चिंता तात्पुरती शमवणारी गोळी लिहून दिली होती. ती कधीमधी घ्यायचे, आता बंद आहे, असं त्यांनी सांगितलं आणि ते खरं होतं. लघवीच्या तपासणीतही काही आलं नाही.

चाचणी आठ आठवड्यांची, डबल ब्लाइंड. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, हुबेहूब तशीच दिसणारी गोळी. कुणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. चाचणीच्या काळात चिंतेवरचं दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही. हे सगळं संमतीपत्रात होतं. वीसहून अधिक पानं होती ती.

त्यांची सही अकरा मिनिटांत झाली. वेळ मला नक्की सांगता येते, कारण संमतीची चर्चा कधी सुरू झाली आणि सही कधी झाली हे दोन्ही नोंदवावं लागतं. मी मुद्दे सांगत होते, ते मान डोलावत होते. ‘काही शंका?’ म्हटलं की लगेच ‘नाही मॅडम, सगळं स्पष्ट आहे, कुठे सही करू?’ बाहेर आणखी दोघं थांबले होते. मी पेन पुढे केला.

या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे आणि ती इथे झाली. चिंतेने पोखरलेला माणूस होकार फार लवकर देतो. समोरच्याला आपल्यामुळे खोळंबा नको, आपण अडाणी दिसायला नको, हा अवघड प्रसंग एकदाचा संपू दे, असं सगळं एकदम त्याच्या मनात चाललेलं असतं. ज्या दुखण्यावर औषध शोधायचं, तेच दुखणं सही करताना हात धरून बसलेलं असतं. हे मला पुस्तकी माहीत होतं. त्या दिवशी ते वापरलं नाही.

प्राथमिक तपासणीत त्यांचे गुण २४ होते, गोळ्या सुरू करायच्या दिवशी २१. आमच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या नियमावलीत, किमान २० लागत होते. जाता जाता एक सांगते: अशी किमान मर्यादा असली की गुण देणाऱ्याचा हात नकळत वर सरकतो, आणि चाचणीत शिरायला आतुर असलेला माणूसही आपला त्रास थोडा वाढवून सांगतो. म्हणून गुण देणाऱ्या मॅडम वेगळ्या होत्या आणि सहभागी मिळतात की नाही याची चिंता त्यांच्यावर नव्हती. सतरा नंबरच्या बाबतीत आकडा फुगवला गेला नव्हता, एवढं मी ठामपणे म्हणू शकते.

पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता. चिंतेवर वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच औषधांत पहिले काही दिवस बेचैनी उलट वाढते आणि आराम पडायला दोन ते सहा आठवडे जातात. पण नुसत्या प्लासिबोनेही मळमळ होते, विशेषतः दुष्परिणामांची यादी डोक्यात घोळवत राहणाऱ्याला. हा त्रास नेमका कशाचा, हे कळायला आम्हाला मार्ग नव्हता आणि असायलाही नको होता. डॉक्टरांनी तपासलं, आत्महत्येच्या विचारांबद्दल दर भेटीत विचारतात तसं विचारलं, सगळं ठीक होतं. दुसऱ्या आठवड्यात फोनवर ‘बरं आहे’ म्हणाले.

चौथा आठवडा

मी पेन खाली ठेवला आणि डायरी मिटली. ‘ही डायरी राहू दे. मला फक्त एकोणिसावी रात्र सांगा,’ म्हटलं.

ते बराच वेळ गप्प होते. हातातल्या पावतीचा कोपरा दुमडत होते, उलगडत होते, पुन्हा दुमडत होते. मग म्हणाले, ‘मॅडम, मी तुमचं काम बिघडवलंय.’

त्या रात्री दीडच्या सुमाराला जीव खालीवर व्हायला लागला. छातीत धडधड, हातापायांना घाम, आता आपण सकाळ बघत नाही अशी खात्री. कपाटाच्या खणात जुनं पाकीट होतं. अर्धा मिलीग्रॅमच्या अल्प्राझोलामची अर्धी गोळी त्यांनी घेतली. तासाभरात झोप लागली. डायरीत प्रामाणिकपणे लिहिलं आणि सकाळी घाबरून गिरवून टाकलं. पुढच्या नऊ दिवसांत आणखी पाच वेळा घेतली, भेटीच्या आदल्या रात्रीही, कारण ‘तपासणीला नीट दिसायला हवं’.

चोवीस तास चालू असलेला एक नंबर आम्ही प्रत्येकाला कार्डावर छापून देतो. ‘फोन का नाही केला?’ मी विचारलं. त्यांनी पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. दिलं होतं तसंच, प्लास्टिकच्या कव्हरात. ‘रात्री दीड वाजता कुणाची झोप मोडायची, मॅडम?’

मग एकेक बाहेर यायला लागलं. सांगितलं तर काढून टाकतील, ही भीती. आजवर मिळालेला प्रवासखर्च परत मागतील, ही दुसरी. आणि तिसरी गोष्ट, जी ऐकून मी खरोखर हादरले: ‘तुम्ही एवढं तपासून घेतलंत, म्हणजे मला खरीच गोळी दिली असणार ना? माझा त्रास बघून?’

म्हणजे चार आठवडे हे गृहस्थ समजत होते की त्यांच्यावर उपचार चालू आहेत. कुणीतरी त्यांचा त्रास पाहून, विचार करून, त्यांच्यासाठी गोळी निवडली आहे. खरं तर ती चिठ्ठी टाकल्यासारखी ठरली होती. संशोधनाला उपचार समजण्याच्या या गैरसमजाला मनोविकारतज्ज्ञ पॉल अपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली नाव दिलं. मानसिक आजारांवरच्या संशोधनात सहभागी झालेल्या लोकांशी बोलताना त्यांना तो जाणवला होता. लोकांनी कागद वाचलेला असतो, सहीही केलेली असते, आणि तरीही डॉक्टर समोर बसलेत म्हणजे ते माझ्याच भल्याचं ठरवणार, हा विश्वास तसाच राहतो. चिठ्ठीने ठरतं, हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांना ते समजलं का, हे विचारलं नव्हतं. ‘काही शंका?’ या प्रश्नाने ते कळत नाही.

अर्धी गोळी एवढी गंभीर का, असं कुणाला वाटेल. दोन कारणं आहेत. पहिलं त्यांच्या जिवाचं. अल्प्राझोलाम यकृतातल्या सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमकडून मोडली जाते. नवं औषध त्या एन्झाइमला अडवणारं निघालं, तर अल्प्राझोलाम शरीरात जास्त साचते आणि अर्धी गोळी अर्धी राहत नाही. दोन्ही औषधं गुंगी आणणारी असतील तर धोका आणखी वाढतो. दुसरं कारण पुढच्या रुग्णांचं. चिंताविकाराच्या चाचण्यांत प्लासिबो घेणाऱ्यांपैकीही पुष्कळांना बरं वाटतं. नियमित भेटी, आस्थेने विचारपूस, काहीतरी करतोय ही भावना, सगळ्याचा त्यात वाटा असतो. त्यामुळे खरं औषध आणि प्लासिबो यांतला फरक आधीच बारीक असतो. सतरा नंबर प्लासिबोवर असतील तर त्यांच्या ११ गुणांनी एक चांगलं औषध निकामी ठरायला हातभार लागला असता. औषधावर असतील तर सुमार औषध गुणकारी दिसलं असतं. कोणत्याही बाजूने बघा, तो आकडा खोटा होता.

प्रमुख संशोधक डॉक्टरांना मी लगेच बोलावलं. नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्ततपासणी, सगळं त्याच दिवशी झालं आणि व्यवस्थित आलं. कोणती गोळी चालू आहे हे फोडून बघण्याची सोय आणीबाणीसाठी असते. ही आणीबाणी नव्हती, म्हणून ते पाकीट बंदच राहिलं. अल्प्राझोलाम सहाच वेळा आणि अल्प मात्रेत घेतली असल्याने ती थांबवायला अडचण नव्हती. प्रायोजक कंपनीला आणि नैतिकता समितीला कळवलं. प्रोटोकॉलनुसार अशा उल्लंघनानंतर सहभागीला बाद करणं बंधनकारक नव्हतं. निर्णय डॉक्टरांचा होता, आणि त्याआधी सतरा नंबरचा स्वतःचा.

दुसरी संमती

त्याच दुपारी आम्ही संमतीपत्र पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं. या वेळी एक तास दहा मिनिटं लागली. मी थोडं सांगायचं आणि त्यांनी ते आपल्या शब्दांत मला परत सांगायचं, असं ठरवलं. ‘घरी गेल्यावर बायकोला कसं सांगाल?’ असं मी विचारत गेले. प्लासिबोपाशी पहिल्यांदा ते म्हणाले, ‘काहींना साधी गोळी देतात.’ मी विचारलं, ‘काहींना म्हणजे कुणाला?’ ते थांबले. ‘म्हणजे मलाही असू शकते.’ थोडा वेळ गेला. ‘दोनातून एक. म्हणजे नाणं उडवल्यासारखं.’

प्लासिबो हा शब्द त्यांना आधीही माहीत होता. तो स्वतःला लागू होतो, हे त्या क्षणी कळलं.

मग प्रश्न सुरू झाले, आणि अकरा मिनिटांच्या त्या पहिल्या बैठकीत न आलेले सगळे आले. प्रवासखर्च परत द्यावा लागेल का? नाही, झालेल्या भेटींचा तो खर्च आहे. रात्री पुन्हा तसंच झालं तर? फोन करायचा, दीड वाजता असो की चार वाजता, तो उचलणारा माणूस त्यासाठीच जागा असतो. मी सोडलं तर डॉक्टर रागावतील का? याचं उत्तर डॉक्टरांनी स्वतः दिलं. कोणत्याही क्षणी, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्याचा पुढच्या उपचारांवर काडीचा परिणाम होत नाही. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून बाहेर पडण्याचा हा हक्क मानला गेला आहे. ‘रागावलो तर चूक माझी असेल,’ असंही ते म्हणाले.

शेवटचा प्रश्न त्यांनी खाली बघत विचारला. रात्री झोप नसताना त्यांनी फ्रान्सबद्दल वाचलं होतं. ‘तिथे एक जण गेला ना? तेही चिंतेवरचंच औषध होतं म्हणे.’

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. २०१६ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या रेन शहरात बीआयए १०-२४७४ या औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि त्याच गटातल्या आणखी पाच जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. चिंता हा त्या औषधाच्या संभाव्य उपयोगांपैकी एक होता. मी त्यांना फरक सांगितला. तिथे ते औषध माणसांत पहिल्यांदाच आणि चढत्या मात्रेत दिलं जात होतं. आमच्या टप्प्यावर येईपर्यंत औषध बऱ्याच लोकांनी घेतलेलं असतं आणि मात्रा ठरलेली असते. धोका म्हणून शून्य होत नाही, हेही सांगितलं. आणि मग त्या प्रकरणातली मला सर्वांत लागलेली गोष्ट सांगितली. पहिला स्वयंसेवक संध्याकाळी रुग्णालयात दाखल झाला, आणि दुसऱ्या सकाळी बाकीच्यांना ते रीतसर न सांगता, पुन्हा न विचारता पुढची मात्रा दिली गेली. सरकारी तपासणी अहवालाने यावर स्पष्ट ठपका ठेवला.

‘म्हणजे सह्या त्यांनीही केल्याच होत्या,’ सतरा नंबर म्हणाले.

कागद घरी नेऊन दोन दिवस विचार करा, असं आम्ही सांगितलं. त्या दोन दिवसांत आठवण करून देणारा फोनसुद्धा मी केला नाही.

तिसऱ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, मला थांबायचंय. नाणं उडवलेलं आहे हे कळल्यावर आणखी चार आठवडे रात्री काढणं मला झेपणार नाही, मला आता नेहमीचे उपचार हवेत. हे सांगताना त्यांनी माफी मागितली नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे. एक सहभागी कमी झाल्याचं दुःख मला झालं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. चाचणी पूर्ण होणं गरजेचं असतं, नवी औषधं अशाच लोकांच्या भरवशावर येतात. पण त्या दिवशीचा त्यांचा नकार हा आमच्या दप्तरातला पहिला असा निर्णय होता, ज्यात त्यांना काय घडतंय ते पुरतं ठाऊक होतं.

नंतर

चाचणी सोडली म्हणजे गोळी त्याच दिवशी बंद, असं करत नाहीत. त्यांची मात्रा दोन आठवड्यांत उतरत्या क्रमाने कमी केली. ही उतरती पाकिटंही बंद सांकेतिक क्रमांकाचीच, कारण प्लासिबोवर असणाऱ्यालाही तीच पद्धत लावायची असते. अशी औषधं एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, झोपेत दचकणं असा त्रास होऊ शकतो. आणि चिंतेच्या माणसाला तो आजारच परतल्यासारखा वाटतो, हा धोका अधिक. ओळखीच्या औषधासाठी आणि वर्तनोपचारांसाठी त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांचे चार आठवड्यांचे आकडे फेकून दिले नाहीत. ज्याला जी गोळी वाटून दिली त्याच गटात त्याला मोजायचं, हा नियम आहे. अल्प्राझोलामच्या सहा रात्री त्या आकड्यांशेजारी लिहिल्या गेल्या.

उल्लंघनाच्या नोंदवहीत ‘कारण’ असा एक रकाना असतो. देखरेखीला आलेल्या प्रतिनिधींनी तिथे ‘सहभागीने सूचना पाळल्या नाहीत’ असं सुचवलं. ते चुकीचं नव्हतं, पण तेवढंच लिहून मला सही करता येईना. त्याखाली मी लिहिलं: ‘संमतीची चर्चा अपुरी, सहभागीला आकलन झालं की नाही हे तपासलं नव्हतं.’ यावर थोडी खळखळ झाली. डॉक्टर माझ्या बाजूने उभे राहिले आणि दोन्ही वाक्यं राहिली. नैतिकता समितीने पुढच्या सर्व सहभागींसाठी माहिती आणि सही यांच्यात किमान एक रात्र ठेवायला सांगितलं. ‘दुसरी औषधं घेता का?’ या प्रश्नात मी स्वतः एक भर घातली: घरात जुनी पाकिटं आहेत का, आणि असतील तर ती कुठल्या खणात आहेत. त्यानंतरच्या पहिल्याच बाई हसल्या आणि म्हणाल्या, देवघराखाली आहेत, आणून देऊ का?

शेवटच्या भेटीत सतरा नंबर डायरी परत करायला आले. मात्रा उतरवण्याच्या दोन आठवड्यांची पानं त्यात भरलेली होती. निळं पेन, काळं पेन, एका दिवशी पेन्सिल. वेळा नऊ वाजून दहा, पावणेदहा, एका रात्री ‘विसरलो, ११.३० ला घेतली’. आणि शेवटून तिसऱ्या पानावर: ‘२.४० ला जाग. धडधड. नंबरवर फोन केला. बाई बोलल्या. ३.२५ ला झोपलो.’